चापाचं वजन: हलका चाप किती हलका असावा?

आजचं व्याख्यान एका साध्या प्रश्नावर आहे. हिंगोली जिल्ह्यात पीकसंरक्षणाचा किंवा स्वसंरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकऱ्यांकडे ज्या रायफली आणि दुनळ्या आहेत, त्यांच्याबद्दल एक तक्रार नेहमी कानावर येते. ‘चाप फार जड आहे, ओढेपर्यंत नेम हलतो. हलका करून मिळेल का?’

थोडक्यात उत्तर असं: काही बंदुकांत चाप हलका करता येतो, काहींत करू नये, आणि स्वतःच्या हाताने कानस लावून तर कशातच करू नये. पण एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. म्हणून चापाच्या आत नेमकं काय घडतं, ते आज आपण सावकाश पाहू. ते एकदा कळलं की काय करायचं नि काय नाही, हे सांगावं लागत नाही.

आधी कायद्याचं दोन मिनिटांत

आपण ‘शिकारीची रायफल’ म्हणतो खरं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आहे. सोयाबीन, हरभरा, तूर तुडवणारे रोही आणि रानडुकरं यांच्यासाठी कायद्याच्या कलम ११ मध्ये वाट ठेवली आहे, पण तिला अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचं संरक्षण सर्वांत कडक. म्हणजे बंदुकीचा परवाना ही एक गोष्ट झाली आणि जनावरावर गोळी झाडण्याची परवानगी ही दुसरी. पहिलीच्या जोरावर दुसरी मिळत नाही.

आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली गोष्ट १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. लेथ मशिनवाला कितीही हुशार असला, ट्रॅक्टरचे सुटे भाग डोळे झाकून बसवत असला, तरी परवाना नसेल तर चापाचं काम त्याच्याकडे न्यायचं नाही. आणि ही नुसती कागदाची अट नाही. का, ते पुढे येईलच.

चाप ओढला की आत काय होतं

बोल्ट पुढे सारून बंद केला, की आत एक जाड स्प्रिंग दाबलेली राहते. कित्येक किलोचा जोर तिच्यात भरलेला असतो. तो जोर फायरिंग पिनला पुढे ढकलायला टपलेला असतो. त्याला अडवून धरतो एक लहानसा लोखंडी तुकडा. त्याला सीअर म्हणतात. दाराच्या कडीसारखं त्याचं काम. सीअरची कड पिनच्या मागच्या खाचेत अडकलेली असते, आणि चाप ओढणं म्हणजे ती कड हळूहळू खाचेतून बाहेर काढणं. शेवटचा केसभर भाग सुटला की पिन धावते, काडतुसाच्या टोपीवर आदळते आणि गोळी सुटते.

आता बोटाला जे वजन जाणवतं ते कशाकशाचं असतं? एक, दोन पृष्ठभागांतलं घर्षण. दोन, सीअरला नि चापाला परत जागेवर आणणाऱ्या छोट्या स्प्रिंगचा जोर. तीन, कड किती खोल अडकली आहे आणि कोणत्या कोनात अडकली आहे, ते.

इथेच सगळ्या गोष्टीची मेख आहे. चाप हलका करायचा म्हणजे या तिघांपैकी काहीतरी कमी करायचं. घर्षण कमी केलं तर फारसं बिघडत नाही. पण स्प्रिंग कमजोर केली तर सीअर वेळेवर परत बसण्याची खात्री कमी होते. आणि खोली कमी केली तर कडीच अर्धवट लावल्यासारखं होतं. दार वाऱ्याने उघडावं तशी बंदूक धक्क्याने सुटू शकते. त्यासाठी चापावर बोट असायचीही गरज नाही. म्हणून आम्ही म्हणतो, चापाचं वजन ही बोटाच्या सोयीची गोष्ट कमी आणि कुलपाच्या मजबुतीची जास्त.

आपली ३१५ बोअर

आपल्याकडे परवान्यावर जी रायफल जास्त दिसते ती ३१५ बोअरची. इंग्रजांच्या काळात लष्कराची ३०३ सामान्य माणसाच्या हाती जाऊ नये, म्हणून हे वेगळं बोअर पुढे आलं. स्वातंत्र्यानंतर सरकारी आयुध निर्माणीने ती बनवणं चालू ठेवलं. यंत्रणा मात्र जुन्या ली-एन्फिल्डच्याच घराण्यातली. पोलिस ठाण्यात वर्षानुवर्षं दिसणारी ३०३ ज्यांनी हाताळली आहे, त्यांना ३१५ चा चाप ओळखीचा वाटेल.

या चापाला दोन टप्पे असतात. चापाच्या वरच्या अंगाला दोन उंचवटे आहेत. बोट मागे आणलं की आधी एक उंचवटा सीअरवर टेकतो आणि सीअर बराचसा खाली येतो. हा पहिला ओढा, लांब आणि तुलनेने हलका. मग दुसरा उंचवटा टेकतो आणि बोटाला एकदम थांबा जाणवतो. तिथून पुढे थोडंसंच अंतर, पण जोर जास्त. लष्करी ३०३ साठी पहिला ओढा ३ ते ४ पौंड आणि दुसरा ५ ते ६ पौंड असं प्रमाण धरलेलं होतं. किलोत सांगायचं तर पहिला साधारण १.४ ते १.८ आणि दुसरा २.३ ते २.७.

लोकांची तक्रार बहुतेक पहिल्या ओढ्याबद्दल असते. ‘चाप फार लांब येतो, मग सुटतो. हे लांब येणं काढून टाका.’ मंडळी, ते लांब येणं हा दोष नाही. तीच तर युक्ती आहे. बंदूक खांद्यावर असताना, माळ्यावर चढवताना, जीपच्या सीटवर आपटताना सीअर पूर्ण खोल अडकलेला राहावा, आणि नेम धरल्यावर मात्र शेवटचा तुकडा तेवढा चटकन सुटावा, यासाठी तो टप्पा ठेवला आहे. लांब ओढा काढून टाकणारा माणूस ती खोलीच काढून टाकत असतो. मग बंदूक कायम ‘दुसऱ्या टप्प्यावर’ उभी राहते. चाप छान लागतो, आणि दस्ता जमिनीवर आपटला की आवाज होतो.

शिवाय या चापाला वजन बदलायचा स्क्रूच नाही. बदल करायचा तर पृष्ठभाग घासूनच. आणि हे भाग वरून कडक केलेले असतात, ही कडक साल पातळ असते. ती घासली गेली की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. पहिल्या दिवशी चाप लोण्यासारखा वाटतो. पुढे तो झिजत जातो, आणि एक दिवस बोल्ट जोरात बंद केला की बंदूक आपोआप उडते. कोनाचंही तसंच. खाचेचा कोन थोडा उलटा झाला, तर स्प्रिंगचा जोर सीअरला धरून ठेवण्याऐवजी बाहेर ढकलू लागतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. कलम ५ ची अट कशासाठी, ते इथे कळतं.

जड चापाची साधी कारणं

दुरुस्तीला नेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, तेल. घरात असेल ते तेल बंदुकीला लावायची सवय आपल्याकडे आहे. करडईचं किंवा सोयाबीनचं तेल हवेने चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि चाप जड होतो. खोबरेल तेल तर थंडीत गोठतं. डिसेंबरच्या रात्री जागलीला आखाड्यावर बसलं की घरात बाटलीतलं खोबरेल जसं पांढरं होतं, तसंच ते चापाच्या आतही होतं. मग चाप नुसता जड होत नाही, सीअर जागेवर परत यायलाही उशीर करतो, नि तो खरा धोका. खाद्यतेल बंदुकीत घालायचंच नाही. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट काढून, चापाचे भाग न सोडवता, चिकटा रॉकेलने धुवून, पूर्ण कोरडं करून, हलक्या मशीन-ऑइलचा एखादा थेंब पुरतो. निम्म्या तक्रारी इथेच संपाव्यात.

दुसरी, लाकूड. जुन्या पद्धतीच्या ली-एन्फिल्डमध्ये चाप खालच्या लोखंडी पट्टीला म्हणजे ट्रिगर-गार्डला टांगलेला असतो, आणि सीअर वरच्या अंगाला. दोघांच्या मध्ये लाकूड. मे महिन्याच्या उन्हात लाकूड आकसतं, चाप सीअरच्या जवळ सरकतो आणि पहिला ओढा कमी होतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, चाप ढिला वाटतो. म्हणजे एकाच बंदुकीचा चाप ज्येष्ठात एक आणि श्रावणात दुसरा! इंग्रजांनाही हे दुखणं माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ‘नंबर ४ मार्क २’ रायफलीत त्यांनी चाप थेट वरच्या अंगाला टांगला, तो यासाठीच. तेव्हा ऋतू बदलला की गार्डचे स्क्रू घट्ट आहेत का पाहावं आणि चाप पुन्हा मोजावा.

स्क्रूवाले चाप

परदेशी बनावटीच्या आणि काही नव्या रायफलींत जुळवता येणारे चाप असतात. त्यांत साधारण तीन जुळवण्या असतात. एक स्प्रिंगचा जोर ठरवते, दुसरी सीअरची खोली ठरवते, तिसरी सुटल्यानंतर चाप किती मागे जाईल ते ठरवते. कोणता स्क्रू कशाचा, हे कंपनीच्या पुस्तिकेवरूनच ओळखायचं. मालकाने हात लावायचाच तर फक्त पहिल्याला, आणि तेही पुस्तिकेत परवानगी असेल तर. खोलीच्या स्क्रूवर कारखान्यात लाख किंवा रंगाचा ठिपका लावलेला असतो. तो फोडायचा नाही, असाच त्याचा अर्थ.

अमेरिकेतली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. रेमिंग्टन कंपनीच्या ‘मॉडेल ७००’ या १९६२ पासूनच्या रायफलीत माइक वॉकर यांनी आखलेला जुळवता येणारा चाप होता. नेमबाजांना तो फार आवडे. पण चाप न ओढता रायफल उडाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या, खटले झाले, माणसं गेली. कंपनीने दोष असल्याचं मान्य केलं नाही, तरी अखेर सुमारे ७५ लाख बंदुकांबाबत न्यायालयात तडजोड झाली. २०१४ मध्ये तिच्याच नव्या ‘एक्स-मार्क प्रो’ चापाच्या रायफली कंपनीने परत मागवल्या. कारण काय? जोडणीच्या वेळी चिकट सीलंट जास्त लागलं होतं. म्हणजे कारखान्यात, यंत्रांच्या मदतीने, तज्ज्ञ माणसांच्या हातून, थोडंसं चिकट द्रव्य जास्त पडलं तरी चाप बेभरवशाचा होऊ शकतो. मग आपल्या कानशीचं काय सांगावं?

त्याच देशात सॅव्हेज कंपनीने २००२ च्या सुमारास मालकाला स्वतः हलका करता येईल असा चाप काढला. त्यात चापाच्या मधोमध एक पातळ पातं आहे. बोटाने ते पातं दाबल्याशिवाय सीअर सुटूच शकत नाही, धक्का बसला तरी मध्ये अडतो. म्हणजे हलक्या चापाला दुसरं कुलूप जोडलं. आधी कुलूप, मग हलकेपणा, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग किती वजन असावं?

लगेच उदाहरण दिलं जातं ते नेमबाजांचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात चापाच्या वजनाला किमान मर्यादाच नाही. १० मीटर पिस्तुलात किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलात १००० ग्रॅम, ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीत १५०० ग्रॅम. मग आम्हालाच तीन किलो का?

कारण रेंजवर बंदूक हुकमाशिवाय भरत नाहीत. नळी सतत लक्ष्याकडे असते. उजेड असतो, माणूस जागा असतो, पुढे कुणी नसतं. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात, बोटं थंडीने बधिर, अंगावर घोंगडं, शेजारी सालगडी झोपलेला, आणि तुरीत काहीतरी खसखसतं. बधिर बोटाला वजन कळत नाही. दचकल्यावर मूठ आपोआप आवळते. पाय घसरला आणि डाव्या हाताने फांदी पकडली, तर उजव्या हाताची बोटंही सोबत आवळतात, हा शरीराचा स्वभावच आहे. शंभर-दोनशे ग्रॅमचा चाप तिथे काय करील, ते वेगळं सांगायला नको.

शेतात वापरायच्या एकेरी टप्प्याच्या रायफलीला साधारण दीड ते दोन किलो वजन पुरेसं हलकं समजावं. त्याखाली जाण्यात शेतकऱ्याचा काहीच फायदा नाही. कंपनीची किमान मर्यादा यापेक्षा जास्त असेल तर तीच पाळायची. दोन टप्प्यांच्या ३१५ ला तिचं मूळ वजनच ठेवावं. त्यात स्वच्छता आणि सारखेपणा शोधायचा, हलकेपणा नाही.

नेम हलतो ही तक्रार मात्र खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पुढच्या-मागच्या माशीत अर्धा मीटर अंतर धरलं आणि चाप ओढताना नळीचं टोक एक मिलिमीटर सरकलं, तर ५० मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर सरकते. पण यावर उपाय सरावाचा आहे. नळीखाली वाळूची पिशवी ठेवा, बोटाच्या पहिल्या पेराने चाप सरळ मागे आणा, पहिला ओढा आधी संपवून थांब्यावर थांबा, मग श्वास रोखून हळू दाबा. रिकाम्या रायफलीवर रोज दहा मिनिटं असा सराव केला, तर तोच चाप महिन्याभरात हलका वाटू लागतो. .२२ रिमफायर रायफल मात्र रिकामी उडवू नये, पिन नळीच्या कडेवर आपटून दोन्हींचं नुकसान होतं.

मोजायचं आणि तपासायचं कसं

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्याने पाहा आणि बोटाने चाचपा. रिकामी आहे हे माहीत असूनही नळी सुरक्षित दिशेलाच धरा.

मोजायला पाच किलोपर्यंतचा आकड्याचा ताणकाटा घ्या. पोती मोजायचा मोठा काटा इथे उपयोगाचा नाही. बंदूक कॉक करा, आकडा चापाच्या मध्यावर अडकवा, नळीच्या रेषेत सरळ मागे ओढा आणि सुटताना किती वजन दाखवलं ते लिहा. असं पाच वेळा. पाच आकडे जवळजवळ असतील तर यंत्रणा निरोगी. एकदा दोन किलो, एकदा तीन, एकदा सव्वा असं येत असेल, तर सरासरी काढू नका. त्या बंदुकीत काडतूस घालू नका.

मग तीन तपासण्या, सगळ्या रिकाम्या बंदुकीवर. एक, बोल्ट दहा वेळा जोरात बंद करा, पिन एकदाही सुटता कामा नये. दोन, सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, सोडा, मग चापाला हात न लावता सेफ्टी काढा. तेव्हाही पिन सुटायला नको. तीन, कॉक केलेल्या बंदुकीचा दस्ता जाड रबरी चटईवर वीतभर उंचीवरून काही वेळा आपटा. यांतली एकही तपासणी चुकली तर बंदूक बंद करून ठेवायची आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यायची. स्वतः जाता येत नसेल तर शस्त्र कायद्याच्या कलम ३ प्रमाणे दुसरा माणूस तुमच्या लेखी अधिकाराने ती दुरुस्तीसाठी नेऊ शकतो. नुसतं तोंडी ‘घेऊन जा’ म्हणणं पुरत नाही. काम झाल्यावर चापाचं वजन लिहून मागा, आणि घरी आल्यावर हेच मोजमाप, ह्याच तपासण्या पुन्हा करा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सेफ्टी लावून ठेवली तर हलका चाप चालेल ना?*

बंदुकीवर अवलंबून आहे. ली-एन्फिल्डची सेफ्टी पिनच्या मागच्या भागालाच अडवते, ती चांगली. पण बहुतेक साध्या दुनळ्यांची सेफ्टी फक्त चापाला अडवते, सीअरला नाही. धक्क्याने सीअर सुटला तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडतो. आणि गोळी झाडायच्या वेळी सेफ्टी काढलेलीच असते. म्हणून झिजलेल्या चापावर सेफ्टी हा उपाय नव्हे.

*प्रश्न: आमच्या दुनळीच्या दोन्ही नळ्या कधी कधी एकदम उडतात.*

पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरा सीअर सुटतो आहे, असा त्याचा अर्थ असण्याची शक्यता मोठी. चाप हलका केल्यामुळेही असं होतं. तपासणी होईपर्यंत ती बंदूक वापरू नका, ‘एकच नळी भरतो’ म्हणूनसुद्धा नाही.

*प्रश्न: मुख्य स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापले तर चाप हलका होतो, असं व्हिडिओत पाहिलं.*

होतो, पण मग पिन टोपीवर पुरेशा जोराने आदळत नाही. काडतूस फुटत नाही किंवा उशिरा फुटतं. न फुटलेल्या काडतुसावर घाईने बोल्ट उघडणं सर्वांत धोक्याचं. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबावं लागतं. अंधारात, जनावर समोर असताना, कोण थांबतं? स्प्रिंग कापू नका.

*प्रश्न: बंदूक जुनी, वडिलांच्या काळातली आहे. चाप आधीच कुणीतरी हलका केलाय, असं वाटतं. काय करावं?*

आज घरी गेल्यावर रिकामी करा, मोजा, तीन तपासण्या करा. आकडा कमी आला किंवा सारखा आला नाही, तर मूळ मापाचा नवा सीअर आणि चाप बसवून घ्या. घासलेला भाग घासून दुरुस्त होत नाही, तो बदलावा लागतो. आणि तोवर जागलीला जाताना बॅटरी, डबा आणि फटाके न्या. बंदूक घरी कुलपात राहू द्या.